दुकानात व्हेंडिंग मशीन ठेवण्याचा करार: काय तपासायचं, काय लिहायचं आणि कोणत्या क्रमाने

दुकानात व्हेंडिंग मशीन ठेवण्याचे बहुतेक व्यवहार उलट्या क्रमाने होतात. दुकानदार आणि मशीनवाला चहावर बोलतात, विक्रीतला दुकानदाराचा टक्का ठरतो, आठवड्याभरात मशीन येतं आणि कागद ‘करू नंतर’ म्हणून राहून जातो. काही महिन्यांनी वीजबिल फुगलेलं दिसतं, किंवा गाळ्याचा मूळ मालक येऊन विचारतो, “हे कोणाचं?” मग घाईघाईत इंटरनेटवरचा एखादा परदेशी नमुना उतरवून त्यावर सह्या होतात. त्या नमुन्यात पागडीचा गाळा नसतो, महावितरणचं मीटर नसतं आणि रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडची सवयही नसते.

हा लेख महाराष्ट्रातल्या लहान दुकानांसाठी आहे: किराणा, मेडिकल, झेरॉक्स, जिम, सलून. जागा देणारा आणि मशीन चालवणारा, दोघांनीही तो वाचावा. क्रम मोडू नका. पुढच्या टप्प्यातलं कलम कसं लिहायचं हे आधीच्या टप्प्यात काय सापडलं त्यावर ठरतं.

## टप्पा १: जागा देण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

सगळ्यात जास्त करार इथेच फसतात. गल्ल्यावर बसलेला माणूस दुकानाचा मालक असतो; गाळ्याचा मालक असेलच असं नाही. म्हणून दराचं बोलणं सुरू करण्याआधी गाळ्याचा कागद बघायला मागा. त्यात संकोच नको. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती, लिव्ह अँड लायसन्सचा करार किंवा भाडेपावती, यांपैकी जे असेल ते.

त्यातून चार शक्यता निघतात.

गाळा स्वतःच्या मालकीचा. सर्वात सोपं. मालकी दोघा भावांच्या नावावर असेल तर सही दोघांची घ्या.

गाळा लिव्ह अँड लायसन्सवर. मूळ करारात ‘जागेचा कोणताही भाग तिसऱ्या व्यक्तीस वापरण्यास देणार नाही’ हे वाक्य जवळपास नेहमी असतं. मूळ मालकाची लेखी ना-हरकत घ्या. मूळ कराराची मुदतही बघा. तो अकरा महिन्यांत संपणार असेल, तर मशीनचा तीन वर्षांचा करार कागदावरच राहील.

पागडीचा गाळा. गिरगाव, दादर, लालबाग किंवा जुन्या पुण्यातल्या पेठा इथे हे सर्रास आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे, भाडेकरूने जागा किंवा तिचा भाग बेकायदा पोटभाड्याने किंवा लायसन्सवर दिला, तर मालकाला जागा खाली करून मागता येते. म्हणजे ‘भाडं’ हा शब्द टाळून ‘लायसन्स’ लिहिलं तरी दुकानदार सुटत नाही. काही हजारांच्या महिन्याच्या उत्पन्नासाठी पिढीजात गाळा धोक्यात घालू नये. घरमालकाची लेखी परवानगी नसेल, तर हा व्यवहार सोडून द्या.

सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा. मशीन शटरच्या आत राहणार असेल, तर प्रश्न बहुधा गाळेधारकापुरताच राहतो. तरी सोसायटीच्या उपविधींवर नजर टाका. मशीन बाहेर ओट्यावर यायचं असेल, तर ती मोकळी जागा सोसायटीची असते आणि त्यापुढचा फुटपाथ महापालिकेचा. दुकानदाराने दिलेली परवानगी तिथे उपयोगाची नाही. अतिक्रमण विभागाची गाडी आली, तर करारनामा दाखवून मशीन सुटत नाही.

> थांबा: ना-हरकत पत्र हातात येईपर्यंत डिपॉझिट देऊ नका आणि घेऊ नका. ‘मालक ओळखीचे आहेत, ते काही बोलणार नाहीत’ हे उत्तर पुरेसं नाही.

## टप्पा २: मापं आणि वीज

खाऊ आणि थंड पेयं दोन्ही देणारं पूर्ण आकाराचं मशीन साधारण सहा फूट उंच असतं आणि रिकामं असतानाही अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जातं. टेपने मोजायचं ते असं: शटरची उघडी रुंदी, दुकानात शिरायच्या पायऱ्या, माळ्याची उंची, आणि मशीनचा दरवाजा पूर्ण उघडल्यावर समोर माणूस ट्रे ओढून माल भरू शकेल एवढी जागा. मागे हवा खेळायला मोकळी जागा किती हवी हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते माप करारात उतरवा. नाहीतर महिन्याभरात त्या फटीत रिकाम्या खोक्यांची थप्पी लागते आणि कॉम्प्रेसर तापतो.

विजेकडे जास्त लक्ष द्या. कनेक्शन कोणत्या वर्गवारीचं आहे ते बिलावर छापलेलं असतं. गावठाणात, वाड्यात किंवा बंगल्याच्या पुढच्या खोलीत चालणारी कितीतरी दुकानं घरगुती मीटरवर चालतात. तिथे व्यापारी मशीन लावणं हे मंजूर कारण सोडून दुसऱ्याच कारणासाठी वीज वापरणं ठरू शकतं. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. ती भरावी लागते मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला. मशीन सोसायटीच्या कॉमन मीटरवर जोडतानाही हाच प्रश्न येतो.

व्यापारी मीटर असेल तर पुढचं काम सोपं आहे. मशीनसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा, तिला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि फक्त मशीनचे युनिट मोजणारा एक सब-मीटर बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही.

सब-मीटरच्या युनिटला कोणता दर लावायचा यावरून हमखास वाद होतो. दुकानदार बिलावरचा नुसता युनिटचा दर धरतो आणि तोट्यात जातो, कारण त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि स्थिर आकार असतात. सोपा मार्ग असा: त्या महिन्याच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, आणि येईल तो दर गुणिले सब-मीटरचे युनिट. मागची थकबाकी आणि दंड वगळायचा. दुकानदाराने यावर नफा ठेवू नये, कारण वीज विकायला वेगळा परवाना लागतो.

> तपासा: रात्री दुकान बंद करताना मेन स्विच बंद करतात का? करत असतील, तर ताक, लस्सी, फ्लेव्हर्ड मिल्क मशीनमध्ये ठेवता येणार नाही. पाण्याच्या बाटलीचं काही बिघडत नाही, पण दुधाचे पदार्थ आठ-दहा तासांत खराब होऊ शकतात आणि सकाळी पुन्हा थंड झाल्यावर बाहेरून कळतही नाही. मशीनची लाइन मेनच्या आधी काढता येते का, हे इलेक्ट्रिशियनला आत्ताच विचारा.

## टप्पा ३: परवाने कोणाच्या नावावर

माल मशीनवाल्याचा, विक्री मशीनवाल्याची, म्हणून अन्न परवानाही त्याचाच लागतो. दुकानदाराची एफएसएसएआय (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी त्याच्या स्वतःच्या व्यवसायाची असते. दुसऱ्याचा माल तिच्या आडोशाने विकता येत नाही. मशीनवाल्याने एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर आपल्या उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावा, त्यात या जागेचा पत्ता यावा आणि तो क्रमांक मशीनच्या दर्शनी भागावर लावावा.

किंमत छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त नको. ‘थंड करण्याचे दोन रुपये’ मशीनलाही घेता येत नाहीत.

शाळेजवळचं दुकान असेल तर वेगळा विचार करावा लागतो. शाळेतल्या मुलांच्या आहाराबाबत एफएसएसएआयचे २०२० चे विनियम आहेत. त्यानुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून सर्व दिशांना ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. मशीन समोरचं गिऱ्हाईक शाळकरी आहे की मोठं, हे ओळखत नाही. म्हणून अशा जागी वेफर्स आणि कोल्ड्रिंकवर सगळं गणित मांडू नका. पाणी, साधं ताक, भाजलेले चणे एवढ्यावर परवडतं का ते बघा, आणि नसेल परवडत तर दुसरी जागा शोधा.

## टप्पा ४: पैशाचं गणित, सहीच्या आधी

टक्का कशावर, हे ठरल्याशिवाय किती टक्के यावर बोलूच नका.

समजा, मशीनची महिन्याची विक्री ४०,००० रुपये आहे आणि मालावर सरासरी १८ टक्के सुटतात. म्हणजे मशीनवाल्याच्या हातात ७,२०० रुपये. दुकानदाराला विक्रीवर ८ टक्के कबूल केले, तर ३,२०० गेले. मशीनने दिवसाला ६ युनिट खाल्ले आणि वर सांगितल्याप्रमाणे दर १२ रुपये निघाला, तर विजेचे २,१६०. उरले १,८४०. त्यातून माल भरायला येणाऱ्या माणसाचा पगार, पेट्रोल, मशीनच्या सिमकार्डचा रिचार्ज, तारीख उलटलेला माल आणि मशीनचा हप्ता भागवायचा आहे. तो भागत नाही. ऐकायला लहान वाटणारे ८ टक्के नफ्यातले जवळजवळ ४५ टक्के आहेत. असा मशीनवाला चौथ्या महिन्यात माल भरायचं कमी करतो आणि सहाव्यात फोन उचलायचा बंद होतो. म्हणून दुकानदारानेही हे गणित मांडून बघावं. जास्त टक्का कबूल करणारा माणूस आपल्याला फायद्याचाच, असं समजू नये.

टक्का करासकट विक्रीवर की कर वजा जाता, तेही लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वेफर्स, नमकीन, बिस्किटांवर ५ टक्के आणि कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे. चाळीस रुपयांच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साडेअकरा रुपयांच्या आसपास करच असतो. त्या करावरही टक्का द्यायचा का, हे दोघांनी समजून ठरवावं.

दराच्या तीन पद्धती चालतात: ठरावीक रक्कम, विक्रीवर टक्का, किंवा ‘किमान इतके, आणि अमुक विक्रीच्या वर टक्का’. नव्या जागेसाठी मला तिसरी योग्य वाटते, पण किमान रक्कम वीज आणि थोडा मोबदला एवढीच ठेवावी. तिला जोडून बंद दिवसांचं कलम हवंच. गणपतीत दुकानासमोर मांडव पडला, रस्ता खोदला, दुकान आठवडाभर गावाला गेलं, तर त्या दिवसांची किमान रक्कम त्या प्रमाणात कमी व्हावी.

मशीनवाला जीएसटी नोंदणीकृत आणि दुकानदार नोंदणी नसलेला असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने जागा वापरणाऱ्याने भरायचा असतो. तुमच्या व्यवहारातली रक्कम भाडं ठरते की कमिशन, हे शब्दांवर कमी आणि प्रत्यक्ष व्यवहारावर जास्त अवलंबून आहे. सीएला मसुदा दाखवा, आणि सही करण्याआधी दाखवा.

> तपासा: विक्रीचा आकडा दुकानदाराला कसा दिसणार? यूपीआयचे पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात जातात, त्यामुळे दुकानदाराला काहीच कळत नाही. मशीनच्या अ‍ॅपमध्ये ‘फक्त बघता येईल’ असं लॉगिन देता येत असेल तर ते द्या. नसेल, तर महिन्याचा अहवाल दर ५ तारखेपर्यंत द्यायचं लिहा.

## टप्पा ५: मसुदा

आपल्याकडच्या रूढ पद्धतीप्रमाणे दुकानदार ‘लिहून देणार’ आणि मशीनवाला ‘लिहून घेणार’. पाच-सहा पानं पुरतात. खालच्या कलमांवर वेळ घालवा. बाकीची वकील नेहमीप्रमाणे घालतील.

१. ताबा. हे कलम साधारण असं असावं: “सदर जागेचा ताबा कायम लिहून देणार यांचेकडेच राहील. लिहून घेणार यांना फक्त मशीन ठेवण्याची, त्यात माल भरण्याची व देखभाल करण्याची परवानगी राहील. या करारनाम्याने लिहून घेणार यांचा जागेत भाडेकरू म्हणून वा अन्य कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही.” भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये लायसन्सची जी कल्पना आहे, तिला हे धरून आहे. मात्र कागदावर हे लिहून प्रत्यक्षात मशीनभोवती पार्टिशन घालून कुलूप मशीनवाल्याकडे दिलंत, तर शब्दांना अर्थ उरत नाही.

२. जागेचं वर्णन. ‘दुकानात’ एवढं लिहू नका. ‘शटरमधून आत येताना उजवीकडे, फ्रीज आणि काउंटरच्या मध्ये, तीन फूट बाय तीन फूट’ असं लिहा आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. दिवाळीत फराळाचं टेबल मांडण्यासाठी मशीन कोपऱ्यात ढकललं जातं आणि विक्री बसते. जागा बदलायची तर दोघांची लेखी संमती हवी.

३. मशीन कोणाचं. मशीनची कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. दुकानदाराचं बँकेत कॅश क्रेडिट असेल, तर दुकानातला माल आणि सामान बँकेकडे तारण असतं. मशीन त्या तारणात येत नाही हे करारात लिहा आणि मशीनवर मालकीचं नाव असलेली पट्टी लावा. जप्तीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

४. दुकानदाराचा माल वेगळा. ज्या वस्तू दुकानात विकल्या जातात त्या मशीनमध्ये ठेवायच्या की नाही? यादी जोडा. हे सोडून दिलं, तर पहिल्याच महिन्यात दुकानदाराला वाटतं की आपलंच गिऱ्हाईक मशीन खातंय. मग मशीनचा स्विच ‘चुकून’ बंद राहू लागतो.

५. अडकलेला पुडा. गिऱ्हाईक पैसे भरतं, स्प्रिंग फिरते, वेफर्सचा पुडा काचेला टेकून लटकतो. गिऱ्हाईक आधी मशीन हलवतं, मग गल्ल्यावर येऊन भांडतं. पैसे मात्र मशीनवाल्याच्या खात्यात असतात. उपाय सोपा आहे: मशीनवर मोठ्या अक्षरात मशीनवाल्याचा मोबाइल नंबर आणि ‘पैसे परत मिळण्यासाठी दुकानदारास विचारू नये’ ही सूचना लावायची, आणि परतावा किती तासांत द्यायचा हे करारात लिहायचं. दुकानदाराने जागेवर पैसे द्यायचे ठरलं असेल, तर त्यासाठी चार-पाचशे रुपये आगाऊ ठेवायचे आणि एक वही ठेवायची.

६. माल भरणं, स्वच्छता, तारीख. आठवड्यातून किमान किती वेळा, कोणत्या वेळेत. पुण्यात अनेक दुकानं दुपारी बंद असतात. त्या वेळेत माणूस पाठवला तर फेरी फुकट जाते. तारीख उलटलेल्या मालाची संपूर्ण जबाबदारी मशीनवाल्याची, आणि अन्न व औषध प्रशासनाची नोटीस दुकानदाराला आली तर खर्चही मशीनवाल्याचाच, असं स्पष्ट लिहा.

७. विमा आणि पाणी. दुकानाच्या विम्यात दुसऱ्याचं मशीन आपोआप येत नाही. मशीनवाल्याने स्वतःचा विमा घ्यावा, त्यात पूर आहे का ते बघावं. मशीनचा कॉम्प्रेसर तळाला असतो, त्यामुळे फूटभर पाणी शिरलं तरी तोच आधी जातो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात बाजारपेठांचं काय झालं ते आठवा. सखल भागात उंच चौथरा कोणी बांधायचा, हेही लिहा.

८. दुकान विकलं किंवा बंद झालं तर. हे कलम जवळपास कोणीच घालत नाही. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ नुसार, परवानगी देणाऱ्याने मालमत्ता विकली, तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे तीन वर्षांचा करार एका खरेदीखताने संपतो. म्हणून दुकानदाराने किमान ३० किंवा ६० दिवस आधी लेखी कळवावं, आणि तसं न केल्यास हलवण्याचा खर्च द्यावा, अशी तरतूद करा.

९. करार संपवणं. दोन्ही बाजूंना सारखी नोटीस. त्याच कायद्याचं कलम ६३ परवानगी संपल्यावर सामान काढून नेण्यासाठी वाजवी वेळ देतं. ‘वाजवी’ म्हणजे किती यावर भांडण नको म्हणून दिवस लिहा. मशीनवाल्याने त्या मुदतीत मशीन नेलं नाही, तर रोजचा आकार किती, तोही.

> थांबा: नमुन्यातलं ‘करार आपोआप नूतनीकरण होईल’ हे वाक्य काढून टाका. मुदत संपण्याआधी महिनाभर बसून बोला आणि नवा कागद करा.

## टप्पा ६: मुद्रांक आणि सह्या

ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तुमच्या मसुद्याला तेवढाच पुरतो की लिव्ह अँड लायसन्सप्रमाणे आकारणी होते, ते वकिलाला विचारा. मुद्रांक पक्षकारांपैकी एकाच्या नावावर घ्या आणि सहा महिन्यांच्या आत वापरा. जुना पडून राहिलेला कागद चालत नाही.

नोटरी केलं म्हणजे नोंदणी झाली, हा मोठा गैरसमज आहे. नोटरीपुढे फक्त सह्या होतात. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे जागेचा भाग लिव्ह अँड लायसन्सवर दिला असेल, तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. उघड्या कोपऱ्यातल्या मशीनला ते लागू होतं का, हे मसुद्यावरून ठरतं. शंका असेल तर नोंदणी करून टाका.

## टप्पा ७: मशीन येतं त्या दिवशी

सह्या झाल्यावरच टेम्पो बोलवा. मशीन जागेवर बसल्यावर दोघांनी मिळून एका पानावर लिहायचं: तारीख, सब-मीटरचं सुरुवातीचं रीडिंग, मशीनचा सिरियल नंबर, काचेवर किंवा पत्र्यावर आधीचे ओरखडे, भिंतीला आणि फरशीला आधीच असलेल्या भेगा. मोबाइलवर फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. फरशीची भेग तर आजच टिपून ठेवा, मशीन उचलताना तिच्यावरूनच बोलाचाली होते.

मग रात्रभर मशीन रिकामंच चालवा. सकाळी तापमान आणि युनिट बघा, माल त्यानंतर भरा. दिवसाचे युनिट गणितात धरलेल्यापेक्षा बरेच जास्त आले, तर दर पुन्हा बोलायची वेळ हीच. किल्ली मशीनवाल्याकडे राहते, पण स्विच कुठला आणि धूर आला तर काय बंद करायचं, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. काउंटरवरच्या मुलालाही.

## टप्पा ८: मशीन काढताना

शेवटचं रीडिंग, शेवटचा विक्री अहवाल, वीज आणि टक्क्याचा हिशेब, मग डिपॉझिट, आणि त्यानंतर मशीन बाहेर. दुकानदाराने ‘डिपॉझिट नंतर देतो’ असं म्हणून मशीन परत पाठवू नये, आणि हिशेब बाकी आहे म्हणून शटर लावून मशीन अडवूनही ठेवू नये; तक्रार पोलिसांपर्यंत जाते आणि नुकसान दोघांचं होतं. उरलेला माल मशीनमधून काढून मोजा, मशीन भरलेलं उचलू नका. भिंतीतली भोकं बुजवा, स्वतंत्र लाइन आणि एमसीबी दुकानदाराला ठेवायची असेल तर तिची किंमत ठरवा, आणि सगळं झाल्यावर ‘एकमेकांकडे काही येणं-देणं बाकी नाही’ असं लिहून दोन प्रतींवर सह्या घ्या. मशीनवाल्याने फॉसकॉसवरून या जागेचा पत्ता त्याच आठवड्यात काढून टाकायचा.